‘सेट इन’ आणि आपला ‘पाऊस लागला’

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीच्या वापराविषयी दर आठवड्याला जे छोटे सदर येते, त्याची मी नियमित वाचक आहे. गेल्या पंधरवड्यात त्या सदरात ‘सेट इन’ या फ्रेझल व्हर्बचा अर्थ ‘सुरू होणे’ एवढाच देऊन त्याखाली दोन वाक्ये छापली होती, एक शाळा सुरू झाल्याचे आणि दुसरे क्रिकेटचा सामना सुरू झाल्याचे. ही दोन्ही वाक्ये इंग्रजीत चालत नाहीत. एखाद्या सदरात चूक होणे ही काही मोठी गोष्ट नाही, आणि इतर वेळी मी पत्र लिहिण्याच्या फंदात पडले नसते. परंतु ही चूक आमच्या शेजारच्या घरापर्यंत पोहोचली, म्हणून हा पत्रप्रपंच.

शेजारच्या तांडेलांची मुलगी यंदा दहावीला आहे. आपल्या सदराची कात्रणे ती एका जुन्या वहीत चिकटवून ठेवते. तिने निबंधात ‘अवर स्कूल सेट इन ऑन द फिफ्टीन्थ ऑफ जून’ असे लिहिले आणि शाळेतल्या सरांनी त्याखाली लाल रेघ ओढली, कारण मात्र लिहिले नाही. वही आणि कात्रण दोन्ही घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, पेपरात तर हेच दिलंय, मग सर का कापतात?” आयुष्याची तीसेक वर्षे इंग्रजी शिकवण्यात घालवूनही मला लगेच समाधानकारक उत्तर देता आले नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. सरांचे बरोबर आहे हे कानाला कळत होते. का बरोबर आहे, हे सांगायला दोन दिवस लागले. ते उत्तर पुढे लिहीत आहे.

शाळा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या घंटेला सुरू होते. ती कोणीतरी सुरू करते, आणि कलेक्टरसाहेबांचा आदेश आला तर ती त्याच दिवशी बंदही होते. सामन्याचेही तसेच. इंग्रजी भाषिक ‘सेट इन’ वापरतात ते अशा गोष्टींविषयी, ज्या कोणी सुरू करत नाही आणि ज्या कोणाच्या सांगण्यावरून थांबत नाहीत. हिवाळा सेट इन होतो, अंधार सेट इन होतो, जखमेत जंतुसंसर्ग सेट इन होतो, लाकडात कूज सेट इन होते, गर्दीत घबराट सेट इन होते, मृत्यूनंतर काही तासांनी शरीराला येणारा ताठरपणा सेट इन होतो. या प्रत्येक गोष्टीत आरंभ आहे, पण आरंभापेक्षा महत्त्वाचे आहे ते तिने ठाण मांडणे. आली, जागा धरली, आणि आता आपली मुदत पुरी केल्याशिवाय ती हलणार नाही, इतका सगळा भाव त्या दोन छोट्या शब्दांत असतो. म्हणूनच त्यातल्या बहुतेक गोष्टी नकोशा असतात. नकोशी असणे ही मात्र अट नव्हे. माणसाच्या हुकमाबाहेर असणे ही खरी अट. पाऊस आम्हाला हवासा असतो, तरी तो सेट इनच होतो.

इथे मला माझी मालवणकडची आजी आठवली. ती शाळेत गेली नव्हती, पण ‘पावस इलो’ आणि ‘पावस लागलो’ ही दोन वाक्ये तिने आयुष्यात कधी एकमेकांच्या जागी वापरली नसतील. मे महिन्यात संध्याकाळी ढग दाटून वळवाची एखादी सर कोसळली, अंगणात वाळत घातलेली आमसुले आणि फणसाची साठे आत घेण्याची धावपळ झाली, की ‘पावस इलो’. मृगाच्या आगेमागे वारा फिरला, समुद्राचा आवाज बदलला, दोन-तीन दिवस सूर्य दिसला नाही आणि आता कपडे चुलीवरच्या उतवावर वाळवायचे आहेत हे नक्की झाले, की मग ‘पावस लागलो’. पहिल्या वाक्यात घटना आहे, दुसऱ्यात बैठक आहे. ‘द रेन्स हॅव सेट इन’ याचे मराठी भाषांतर ‘पाऊस सुरू झाला’ असे नाही. ते ‘पाऊस लागला’ असे आहे, आणि ते कोकणातल्या कोणत्याही शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही.

मराठीत आणखी एक बारकावा आहे, जो मला या निमित्ताने पहिल्यांदाच नीट दिसला. ‘पाऊस पडू लागला’ आणि ‘पाऊस लागला’ या दोन वाक्यांत ‘लागला’ तेच आहे, पण पहिल्यात ते ‘पडणे’ या क्रियेला सहाय्य करते आणि केवळ आरंभ दाखवते. दहा मिनिटांनी तो थांबला तरी वाक्य खोटे ठरत नाही. दुसऱ्यात ते स्वतःच्या पायावर उभे आहे आणि दहा मिनिटांनी पाऊस थांबला तर ते वाक्य खोटे ठरते. सदरलेखकांनी दिलेला अर्थ पहिल्या वाक्याचा आहे, ‘सेट इन’चा खरा अर्थ दुसऱ्या वाक्याचा.

भारतीय हवामानशास्त्र विभाग केरळातील मान्सूनच्या आगमनाची घोषणा करताना इंग्रजीत हेच क्रियापद वापरतो, आणि ती घोषणा ज्या निकषांवर होते ते पाहिले तर हा शब्द तिथे किती नेमका बसतो हे लक्षात येते. केरळ, लक्षद्वीप आणि कर्नाटक किनाऱ्यावरील १४ ठरलेल्या केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर १० मेनंतर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस नोंदवला गेला, आणि त्याच वेळी अरबी समुद्रावरील पश्चिमी वाऱ्यांची खोली (म्हणजे ते किती उंचीपर्यंत वाहतात) व वेग, तसेच ढगांच्या आच्छादनामुळे पृथ्वीवरून बाहेर जाणाऱ्या उष्णतेचे घटलेले प्रमाण ठरलेल्या मर्यादेत असले, तर दुसऱ्या दिवशी आगमन जाहीर होते. एका दिवसाच्या धुवांधार पावसाने ते होत नाही. पाऊस कितीही पडो, वाऱ्याने दिशा आणि खोली धरलेली नसेल तर शास्त्रज्ञ थांबतात. माझी आजीही थांबत असे, फक्त तिच्याकडे पर्जन्यमापक नव्हता.

केरळच्या पुढे सरकल्यावर मात्र हवामान खात्याची इंग्रजी भाषा बदलते. कोकणात किंवा मुंबईत मान्सूनने ‘ॲडव्हान्स’ केले असे ते लिहितात, म्हणजे तो पुढे सरकला. हा फरक नियमाचा नसून रिवाजाचा आहे, तरी तो सोयीचा आहे, कारण पुढे सरकलेला मान्सून अडतोसुद्धा. २०२३ साली तो ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि बिपरजॉय चक्रीवादळाच्या काळात तिथेच रेंगाळला; नंतर २५ जूनला तो मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी पोहोचला, आणि अशी जोडी त्यापूर्वी २१ जून १९६१ रोजी जमली होती. २०२५ साली उलट तऱ्हा झाली. २४ मे रोजी केरळात, २५ मे रोजी देवगडपर्यंत आणि २६ मे रोजी मुंबईत मान्सून पोहोचला. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून, म्हणजे तो पंधरवडाभर आधी आला. परंतु २९ मेनंतर त्याची पुढची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत अडली. त्या दिवसांत आमच्या वाडीत ‘पाऊस लागला की नाही’ यावर अक्षरशः वाद झाले. धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरणी केलेले निर्धास्त होते, भाताच्या रोपांसाठी तरवा टाकायचा राहिलेले आकाशाकडे पाहत होते, आणि ज्यांच्या होड्या शाकारायच्या बाकी होत्या ते सर्वांवर चिडलेले होते. वर्तमानपत्रांनी ‘मान्सून दाखल’ असा मथळा दिला होता आणि तो चूक नव्हता. दाखल होणे म्हणजे हजेरी लावणे. पाहुणा दाखल झाला तरी तो मुक्काम करणार की चहा घेऊन निघणार, हे त्या शब्दात सांगितलेले नसते.

‘लागणे’चा हा मुक्कामी अर्थ पावसापुरता नाही. कीड लागते, वाळवी लागते, झड लागते, ग्रहण लागते, घराण्याला उतरती कळा लागते, संस्थेला घरघर लागते. इंग्रजीत एखाद्या संस्थेची किंवा संघाची अधोगती कुठून सुरू झाली हे सांगताना ‘द रॉट सेट इन’ हा प्रयोग सर्रास होतो. त्याचे ‘कुजणे सुरू झाले’ असे भाषांतर वाचले की हसू येते. ‘कीड लागली’ किंवा ‘घरघर लागली’ हे शब्द आपल्या घरात असताना उसनवारी कशाला? आणि समुद्रकाठच्या माणसाने तर ओहोटी विसरू नये. ‘द एब हॅज सेट इन’ हे दर्यावर्दी इंग्रजीतले नेहमीचे वाक्य आहे आणि आमचे खलाशी त्याच क्षणाला ‘सुकती लागली’ म्हणतात. ओहोटी सहा तासांच्या आसपास चालते, पावसाळा चार महिने, वाळवी घर पोखरून होईपर्यंत. म्हणजे काळ लांब असलाच पाहिजे असे नाही, पण जो काही असेल तो त्या गोष्टीचा स्वतःचा असतो. बंदरात उभ्या माणसाने घाई केली म्हणून भरती लवकर येत नाही.

हे लिहिताना एक धोका मला दिसतो आणि तो आधीच सांगितलेला बरा. वाचकांनी आता ‘लागणे’ म्हणजे ‘सेट इन’ असे उलटे समीकरण मांडले, तर मी एका चुकीच्या जागी दुसरी चूक बसवल्यासारखे होईल. आपल्याकडे ठेच लागते, मुलाला नोकरी लागते, टॉकीजला सिनेमा लागतो, दिवाळीची सुट्टी लागते आणि कोणाचा कोणाला लळा लागतो. यांपैकी एकही गोष्ट इंग्रजीत सेट इन होत नाही. (मुलाची नोकरी ‘सेट इन’ झाली असे कोणी लिहिले, तर ती नोकरी एखाद्या आजारासारखी वाटेल, काही नोकऱ्यांच्या बाबतीत ते खरेही असेल.) त्याचप्रमाणे जिथे इंग्रजी ‘सेट इन’ वापरते तिथे प्रत्येक वेळी मराठीत ‘लागणे’ येईल असेही नाही. थंडी पडते, अंधार दाटतो, मनात भीती बसते, जखमेत पू धरतो, मृताचे अंग ताठरते. मराठीने हे काम चार-पाच क्रियापदांत वाटून दिले आहे आणि प्रत्येकात बसण्याचा, धरण्याचा, जमून राहण्याचा भाव आहे. ‘सुरू होणे’ त्या यादीत कुठेच येत नाही, ही गोष्ट मला पुरेशी बोलकी वाटते.

व्याकरणाचा भाग थोडक्यात सांगते, कारण आपल्या सदरातील दुसऱ्या वाक्यात ‘सेटेड इन’ असे रूपही छापले गेले होते. ‘सेट’चे भूतकाळी रूप ‘सेट’च राहते, ‘सेटेड’ असे रूप नाही. हे क्रियापद अकर्मक आहे, त्यामुळे ‘शासनाने मान्सून सेट इन केला’ अशी रचना होत नाही आणि त्याचा कर्मणी प्रयोगही होत नाही. कर्ता बहुधा माणूस नसतो. ‘मी सेट इन झालो’ असे कोणी म्हणत नाही. नव्या गावी रुळलेला माणूस ‘सेटल इन’ होतो, आणि ते वेगळे क्रियापद आहे.

विद्यार्थी गोंधळतात ते आणखी एका ठिकाणी. ‘द स्टोरी इज सेट इन मालवण’ किंवा ‘अ रूबी सेट इन गोल्ड’ यांतही हे दोन शब्द शेजारी येतात, पण तिथला ‘इन’ पुढच्या नामाचा आहे, क्रियापदाचा नाही. ओळखण्याची सोपी रीत मी तांडेलांच्या मुलीला सांगितली ती अशी: ‘इन’नंतर पूर्णविराम देऊन पाहा. ‘द मान्सून हॅज सेट इन’ इथे वाक्य पुरे होते. ‘द स्टोरी इज सेट इन’ इथे ऐकणारा ‘कुठे?’ म्हणून विचारतोच. शिवाय पहिल्या वाक्यात बोलताना जोर ‘इन’वर पडतो, दुसऱ्यात पडत नाही. तिने लगेच मोठ्याने म्हणून पाहिले, आणि रेघ मारणाऱ्या सरांविषयीचा तिचा राग तिथे थोडा उतरला.

नाम करताना इंग्रजी भाषा शब्द उलटवते. ‘सेट इन’चे नाम म्हणून ‘ऑनसेट’ वापरले जाते, आणि हवामान खात्याच्या पत्रकांत तेच दिसते. ‘ब्रेक आउट’चे ‘आउटब्रेक’, ‘सेट आउट’चे ‘आउटसेट’, ‘पोअर डाउन’चे ‘डाउनपोर’ ही त्याच चालीची उदाहरणे आहेत. ‘ऑनसेट’मध्ये ‘इन’ जाऊन ‘ऑन’ का आला, असे मुलीने विचारले. तो ‘सेट ऑन’ या जुन्या प्रयोगातून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ हल्ला असा होता, एवढे मी तिला सांगितले. पावसाला हल्ला म्हणण्याची कल्पना तिला फारच पसंत पडली. तिचे वडील जूनच्या पहिल्या आठवड्यात समुद्राकडे ज्या नजरेने पाहतात ती तिने पाहिलेली आहे.

मान्सूनच्या बाबतीत इंग्रजीने स्वतःच घातलेला एक घोळ सांगण्याचा मोह मला आवरत नाही, कारण भाषांतर करणाऱ्या पत्रकारांना तो उपयोगी पडेल. जुन्या इंग्रजी लेखनात ‘द मान्सून ब्रोक’ असे वाक्य आले तर त्याचा अर्थ पाऊस फुटला, कोसळू लागला असा आहे. पण हवामानशास्त्रात ‘ब्रेक इन मान्सून’ किंवा ‘ब्रेक मान्सून’ म्हणजे पावसात पडलेला खंड. मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की देशाच्या मध्य भागात पाऊस ओसरतो, त्याला हे नाव आहे. एकच ‘ब्रेक’, एकदा आगमन आणि एकदा उघडीप. भर ऑगस्टमध्ये ‘मान्सून फुटला’ अशी बातमी वाचायला मिळू नये म्हणून हे लिहिले. ‘सेट इन’मध्ये असा दुटप्पीपणा नाही, आणि या बाबतीत तरी ते शब्दयुग्म विश्वासू आहे.

अर्थाने जवळची जी क्रियापदे आहेत, त्यांपैकी दोघांशीच विद्यार्थ्यांची गाठ वारंवार पडते. आग, साथ, युद्ध अचानक भडकते तेव्हा ‘ब्रेक आउट’ होते. तिथे स्फोट आहे, तर ‘सेट इन’मध्ये मुरत जाणे आहे. वेदनाशामक गोळी किंवा जनरेटर आपले काम करू लागतो तेव्हा ‘किक इन’ होते. ती गोष्ट त्याच कामासाठी ठेवलेली असते, जशी एखाद्या बर्फाच्या कारखान्यात वीज गेल्यावर जनरेटरची व्यवस्था असते. वीज जाऊन दोन दिवस झाले आणि कोलंबीला वास येऊ लागला, तर तिथे जे घडते ते मात्र ‘सेट इन’.

आपल्या सदरलेखकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. ‘सेट’ हा शब्दच असा आहे की ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत एकट्या या क्रियापदाला ४३० अर्थ दिलेले होते. जागा दोन इंचांची असेल तर माणूस सर्वांत मोठा, सर्वांत सपाट शब्द उचलतो, आणि ‘सुरू होणे’ हा तसाच शब्द आहे. मीही वर्गात अनेक वर्षे फळ्यावर हाच अर्थ लिहिला असण्याची दाट शक्यता आहे. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे पत्र वाचत असेल तर त्याने ती ओळ वहीत दुरुस्त करून घ्यावी.

आपणास विनंती इतकीच की, पुढील सदरात ही दोन्ही वाक्ये मागे घेऊन त्याऐवजी पाऊस, ओहोटी आणि वाळवी यांची तीन वाक्ये छापावीत, आणि ‘सेटेड’ हे रूप चुकीचे असल्याचे स्पष्ट लिहावे. दुरुस्ती सदराच्या मूळ जागीच आणि तेवढ्याच अक्षरांत आली तर बरे होईल. आतल्या पानावर बारीक टाइपात आली, तर कात्रणे कापणाऱ्या मुलांच्या हाती ती लागणार नाही. तांडेलांच्या मुलीने आपल्या वहीत जुन्या कात्रणाशेजारी एक कात्रण मावेल एवढी जागा मोकळी ठेवली आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी